सोळाच्या जागी बारा चालत नाही: फायबर सळई वापरणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातल्या सोसायट्यांच्या समित्या, बंगल्यांचे मालक, बांधकाम ठेकेदार आणि स्ट्रक्चरल सल्लागार यांस

विषय: काँक्रीटच्या बीममध्ये जीएफआरपी सळई आणि फायबर वापरण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सिमेंट-लोखंडाच्या दुकानांत आता हिरव्या, पिवळ्या, काळ्या रंगांच्या सळयांची वेटोळी ठेवलेली असतात. विकताना तिला नुसतं ‘फायबर सळई’ म्हणतात. खरं नाव जीएफआरपी, म्हणजे रेझिनमध्ये घट्ट बसवलेले काचेचे तंतू. तिची जाहिरात सगळीकडे सारखीच असते: ताकद लोखंडाहून जास्त, वजन पाव, गंज कधीच नाही, म्हणून सोळा मिमीच्या जागी बारा मिमीची टाका आणि पैसे वाचवा. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चौथी खोटी आहे आणि बीमच्या बाबतीत धोक्याचीही.

आमचा या सळईला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंदेसरीत आम्लाच्या टाकीखालचा ओटा, मकरपुऱ्यात प्लेटिंगच्या शेडमधली गटारं, सांडपाण्याच्या प्लांटमधल्या भिंती, अशा जागी लोखंड काही वर्षांत फुगतं आणि कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, उडवून लावतं. तिथे काचेची सळई जरूर वापरावी. प्रश्न येतो तो वाकणाऱ्या सदस्याचा, म्हणजे बीमचा. तिथे ताकदीच्या आधी ताठरपणा बघावा लागतो, आणि तो आकडा जाहिरातीत कुठेच नसतो.

लोखंडाचा मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचा आकडा, २०० गिगापास्कल. बाजारातल्या जीएफआरपीचा साधारण ४५ ते ६०. म्हणजे तेवढ्याच व्यासाची काचेची सळई तेवढ्याच ओढीला लोखंडाच्या साडेतीन-चार पट लांबते. ती तुटणार नाही, पण लांबेल. आणि खालची सळई लांबली की तडा उघडतो, बीम झोळ धरतो.

बंगल्यांमध्ये असतो तसाच एक बीम घेऊ. २३० मिमी रुंद, ४५० खोल, दोन्ही टोकांना साधा टेकलेला, स्पॅन ४ मीटर, काँक्रीट एम ३०, प्रभावी खोली (वरून सळईपर्यंतची) ४१०. डेड लोड (कायमचा भार) १४ आणि लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा) ६ किलोन्यूटन प्रति मीटर. एकूण २०, म्हणजे मध्यावरचा मोमेंट (वाकवणारा जोर) ४० किलोन्यूटन-मीटर. पहिला तडा जायला साधारण ३० चा मोमेंट लागतो, म्हणजे रोजच्या भाराखाली हा बीम तडकलेलाच असणार. त्यात गैर काही नाही, काँक्रीटचे सगळेच बीम असे असतात. मात्र तडा गेल्यावर ताठरपणा कोण सांभाळतो, ते बघा.

तडा जाण्याआधी या छेदाचं मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचं माप, १७४.७ कोटी आहे (मिमीच्या चौथ्या घातात). तडकल्यावर ३ नग १६ मिमी लोखंड असेल तर ते ४९.८ कोटींवर येतं. त्याच ३ नग १६ मिमीच्या जीएफआरपी सळया असतील, मॉड्युलस ५० गिगापास्कल धरून, तर १५.१ कोटी. आणि दुकानदाराच्या सल्ल्याने ३ नग १२ मिमी टाकल्या तर जेमतेम ९ कोटी. पूर्ण तडकलेला छेद धरून झोळ काढला तर लोखंडाचा ५ मिमी, जीएफआरपी सोळाचा १६, जीएफआरपी बाराचा २७. काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, आयएस ४५६ मध्ये, आकुंचन आणि क्रीप (कायमच्या भाराखाली हळूहळू वाढणारं लवणं) यांच्यासकट अखेरच्या झोळाला स्पॅनच्या २५० व्या भागाची मर्यादा आहे. इथे ती १६ मिमी. म्हणजे सोळाच्या सळयांनी पूर्ण मर्यादा भार पडताच खाल्ली, क्रीप अजून बाकी आहे. बाराच्या सळयांबद्दल बोलायलाच नको.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. दोन तड्यांमधलं न तडकलेलं काँक्रीट थोडी मदत करतं, म्हणून शटरिंग काढल्यावर लगेच मोजलेला झोळ या आकड्यांपेक्षा बराच कमी भरेल. मग ठेकेदार टेप लावून दाखवतो आणि म्हणतो, बघा, काही झालं नाही. पण काँक्रीट आकुंचन पावतं, उन्हाळे-पावसाळे जातात, वर विटांची भिंत चढते आणि ही मदत हळूहळू विरत जाते. दारं घासू लागतात, भिंतीत तिरप्या भेगा पडतात, आणि तोवर बिल चुकतं झालेलं असतं.

आता ताकद. सळईची हमी दिलेली ताकद ८०० मेगापास्कल धरू. अमेरिकन एसीआय ४४०.११ या कोडमध्ये पर्यावरणाच्या परिणामासाठी ती ०.८५ ने गुणून कापतात, उरले ६८०. या हिशेबाने ३ नग बाराच्या बीमची मूळ क्षमता ८७ किलोन्यूटन-मीटर येते. पण तो बीम सळई तुटून मोडणार असल्यामुळे त्यावर ०.५५ चा गुणक लागतो आणि हाती ४८ राहतात. त्याच कोडच्या गुणकांनी, म्हणजे डेडला १.२ आणि लाइव्हला १.६ लावून, लागतात ५३. म्हणजे बढाई ज्या ताकदीची मारतात, तिथेही हा बीम नापास.

आणखी एक गोष्ट आहे, ती जाहिरातीत तर सोडाच, पुष्कळ सल्लागारांच्या हिशेबातही नसते. काचेच्या सळईवर कायमचा मोठा ताण राहिला तर ती काही वर्षांनी, भार न वाढताही, तुटू शकते. याला क्रीप-रप्चर म्हणतात. म्हणून कायम राहणाऱ्या भाराचा ताण कापलेल्या ताकदीच्या ३० टक्क्यांत ठेवायचा, म्हणजे इथे २०४ मेगापास्कल. बाराच्या तीन सळयांत नुसत्या डेड लोडनेच सुमारे २१० येतो. अजून घरात कपाटसुद्धा आलेलं नाही.

लोखंडाची सवय लागलेल्या प्रत्येकाने इथे एक गोष्ट उलटी शिकायची आहे. लोखंडाचा बीम आपण मुद्दाम कमी सळईचा ठेवतो, म्हणजे आधी लोखंड यील्ड होईल (न तुटता कायमचं ताणलं जाईल), बीम लवून इशारा देईल आणि मग मोडेल. काचेची सळई यील्ड होतच नाही. ताण आणि लांबण्याचा आलेख तुटेपर्यंत सरळ रेषेत चालतो आणि तिथेच संपतो. म्हणून इथे सळई जास्त ठेवायची, म्हणजे आधी वरचं काँक्रीट चुरडेल. ते मोडणंही काही सौम्य नसतं, पण सळई तुटण्यापेक्षा बरं. आपल्या बीममध्ये दोन्ही एकदम होतील असं सळईचं संतुलित प्रमाण (रुंदी गुणिले प्रभावी खोलीच्या क्षेत्रफळात) ०.४६ टक्के येतं. काँक्रीट आधी जाईल याची खात्री धरून ०.६५ चा गुणक वापरायचा तर त्याच्या १.४ पट, म्हणजे ०.६५ टक्के सळई हवी. तीन सोळाने ०.६४ भरतात, थोडक्यात हुकतात. तीन बाराने ०.३६, संतुलनाच्याही खाली.

मग या बीमचं करायचं काय? खोली ४५० ची ५३० करा आणि सोळाच्या ४ सळया द्या. वाढलेलं स्ववजन धरूनही झोळ ९ मिमीच्या आत येतो आणि सळईतला ताण ११० मेगापास्कलच्या आसपास. ताकद गरजेच्या दुपटीहून जास्त होते. ती तशी होणारच, कारण इथे छेद झोळाने ठरतो. एवढं करून पैसे किती वाचले, ते ज्याने त्याने आपल्या दराने मांडून बघावं. आम्लाच्या शेडमध्ये वाचतात, कारण तिथे दुरुस्तीचा खर्च टळतो. मांजलपूरच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात बहुधा वाचत नाहीत.

शिअरकडेही, म्हणजे बीमला तिरपं कापू पाहणाऱ्या जोराकडेही, बघा. तडकल्यावर न्यूट्रल अक्ष (वरचा दाब आणि खालची ओढ यांच्यातली सीमा) लोखंडाच्या बीममध्ये वरून १०८ मिमीवर असतो, जीएफआरपीच्या बीममध्ये ५८ वर. दाबाखालचं काँक्रीट निम्मं उरलं, म्हणजे काँक्रीटच्या वाट्याचा शिअरही साधारण निम्म्यावर आला. रिंगा जवळ घ्याव्या लागतात, आणि त्या जीएफआरपीच्या असतील तर त्यांच्यातला ताण २०० ते २५० मेगापास्कलपर्यंतच धरायचा, कारण त्यापुढे तिरपे तडे फार उघडतात. वळणाच्या जागी तर सळईची ताकद सरळ भागाच्या निम्म्याच्या आसपासच असते.

आता फायबरकडे येऊ. झोळाचा मुद्दा काढला की लगेच उत्तर येतं, ‘काँक्रीटमध्ये फायबर टाकतो ना.’ पहिला प्रश्न विचारा: कोणतं? सिमेंटच्या प्रत्येक गोणीला १२५ ग्रॅमची पुडी टाकतात ते बारीक फायबर घनमीटरला ९०० ग्रॅम ते किलोभर पडतं. काँक्रीट ओलं असताना पृष्ठभागावर येणाऱ्या बारीक चिरा ते रोखतं. तेवढंच त्याचं काम. बीम वाकताना त्याचा उपयोग नाही म्हटलं तरी चालेल. वाकण्यात मदत करतं ते जाडं, म्हणजे मॅक्रो फायबर: आकडे असलेलं स्टीलचं घनमीटरला ३० ते ४० किलो, किंवा पॉलिप्रोपिलीनचं ५ ते ६ किलो. वरच्या ५३० खोलीच्या बीमला अर्धा घनमीटरही काँक्रीट लागत नाही, तरी स्टील फायबर १५ किलोच्या आसपास लागेल. खिशातून काढलेल्या पुड्यांनी हे काम होत नाही, एवढं समितीच्या लक्षात आलं तरी पुष्कळ.

मॅक्रो फायबर करतं काय, ते प्रयोगशाळेत चार बिंदूंनी वाकवलेल्या बीमजवळ उभं राहिलं की दिसतं. साध्या काँक्रीटच्या जीएफआरपी बीममध्ये पहिला तडा निघतो तो एका झटक्यात जवळजवळ वरपर्यंत चढतो, कारण न्यूट्रल अक्ष मधून थेट वर उडी घेतो. डायल गेजचा काटा त्याच क्षणी सरकतो. मग थोडेच तडे, लांब लांब अंतरावर, आणि प्रत्येक चांगला रुंद. फायबर असेल तर तो पहिला तडा अडखळत वर जातो, बाजूला नवे तडे जवळजवळ फुटतात आणि प्रत्येकाची रुंदी कमी राहते. तड्यात टॉर्च मारली तर दोन्ही काठांना जोडणारे तंतू दिसतात. शेवटी वरचं काँक्रीट चुरडताना साध्या बीममध्ये ढलप्या उडतात आणि भार एकदम पडतो. फायबरच्या बीममध्ये तो चुरा जागीच धरला जातो आणि भार टप्प्याटप्प्याने उतरतो. लोखंडाच्या बीममध्ये यील्डनंतर भाराचा आलेख जसा लांबवर सपाट चालतो, तसा इथे चालणार नाही. पण अचानक मोडण्याची धार बोथट होते, आणि आमच्या मते फायबरचा खरा फायदा हाच, तड्यांची रुंदी आणि मोडण्याची रीत. ताठरपणात थोडी भर पडते, पण ५० गिगापास्कलचे २०० होत नाहीत.

आकड्यात सांगायचं तर, १५० मिमी चौरस छेदाच्या, खाच पाडलेल्या बीमवर ईएन १४६५१ या युरोपीय मानकाप्रमाणे चाचणी घेऊन तडा २.५ मिमी उघडल्यावर उरलेली ताकद २.४ मेगापास्कल मिळाली, तर हिशेबात तिच्या तिसऱ्या भागाइतका, ०.८ मेगापास्कलचा ताण तडकलेल्या भागात धरता येतो. पहिल्या ४५० खोलीच्या बीममध्ये यातून सुमारे १६ किलोन्यूटन-मीटर मिळतात. आकडा मोहात पाडणारा आहे. तरी तो धरून सळई कमी करू नका. तंतू कुठे दाट, कुठे विरळ पडतात आणि त्यांची दिशा ओतण्यावर अवलंबून असते. एकाच घाण्यातल्या दोन बीममध्येही चांगलाच फरक पडतो. शिवाय पॉलिप्रोपिलीन कायमच्या ओढीखाली स्वतःच सैल पडत जातं, त्यामुळे अनेक वर्षांच्या तड्याच्या रुंदीसाठी त्याच्यावर विसंबणं योग्य नाही. आम्लाच्या जागी स्टील फायबर नको वाटत असेल, तर बेसाल्टचं मॅक्रो फायबर हा मधला मार्ग आहे. स्टील फायबर काँक्रीटच्या आत टिकतं, पण पृष्ठभागावर आलेले तंतू गंजून डाग पाडतात. दर्शनी भिंत असेल तर मालकाला आधी सांगा.

बीममध्ये फायबर सगळ्यात जास्त फसतं ते सळयांच्या फटीत. २३० रुंदीत चार सोळा बसवल्या तर दोन सळयांमध्ये ३३ मिमी मोकळं राहतं. त्यात ६० मिमीचं फायबर आणि २० मिमीची कपची ओतली तर तंतू सळयांवर आडवे अडकतात, खाली फक्त गाळलेला मसाला उतरतो. जिथे तडा उघडणार, नेमक्या तिथेच फायबर नाही. अशा बीमला ३० ते ३५ मिमीचं फायबर आणि १० ते १२ मिमीची कपची घ्या. वाळूचं प्रमाण थोडं वाढवा, सुपरप्लास्टिसायझर वाढवा, पाणी मात्र एक मगसुद्धा वाढवू नका. फायबर टाकल्यावर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) उतरतो आणि गवंड्याचा हात पाइपकडे जातो. त्या वेळी तिथे कोणी उभं असणं जरुरीचं. स्लम्प मोजायचा तो फायबर मिसळून झाल्यावर, आधी नाही.

मिक्सरमध्ये फायबर एका ठिकाणी उपडं केलं की त्याचे गोळे होतात. ड्रम पूर्ण वेगाने फिरवत हळूहळू सोडायचं आणि शेवटची गोणी पडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं फिरवायचं. मात्रा बरोबर पडली का, हे तपासणं अवघड नाही. १० लिटर ओलं काँक्रीट घ्या, चाळणीवर धुवा, लोहचुंबकाने स्टीलचे तंतू वेचा, वाळवून तोला. घनमीटरला ३० किलो सांगितलं असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत. ट्रकच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं असे तीन नमुने घ्या. तिन्हींत मोठी तफावत असेल तर मिसळणं चुकलं, तिन्ही कमी असतील तर मापच कमी टाकलं.

सळई बसवण्यातल्या चुका वेगळ्या, आणि त्या लोखंडाच्या सवयीतूनच होतात. बार बेंडर सळई मशिनवर चढवतो, वाकत नाही म्हणून गॅसबत्तीने तापवतो. थर्मोसेट रेझिन पुन्हा मऊ होत नाही, ते जळतं. आतले तंतू तुटतात आणि वरून नुसता काळा डाग दिसतो. अशी सळई टाकूनच द्यायची. रिंगा आणि हुक कारखान्यातूनच वळवून आणायच्या, म्हणजे बार शेड्यूल ऑर्डरच्या आधी पक्कं हवं. साइटवर ‘जरा अ‍ॅडजस्ट करू’ इथे चालत नाही. कापायची ती डायमंड किंवा अ‍ॅब्रेसिव्ह चकतीने. कातरीने कापली तर टोक चिरतं. कापताना काचेची धूळ उडते, मास्क आणि हातमोजे लागतातच. वेल्डिंग नाही. लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींवर ठेवायची लांबी) हिशेबाने काढायचा, लोखंडाच्या आकड्याची नक्कल नको. उघड्या गच्चीवर महिनोन्‌महिने ठेवली तर उन्हाने पृष्ठभागाचं रेझिन खराब होतं, ताडपत्री टाका.

एक गंमत अशी, की ही सळई तरंगते. तिची घनता सुमारे २, काँक्रीटची २.४. वायब्रेटर लावला की पिंजरा हळूहळू वर येतो, आणि खालचं कव्हर ३० चं ६० झालं की प्रभावी खोली तेवढीच गेली. आधीच कमी असलेला ताठरपणा आणखी घटला. म्हणून नुसते कव्हर ब्लॉक खाली ठेवून भागत नाही. पिंजरा शटरिंगला वरून दाबून किंवा खाली तारेने खेचून बांधायला हवा. वायब्रेटरच्या सुईला रबरी टोपी असलेली बरी, नाहीतर ती सळईची साल काढते. कव्हर कमीत कमी दोन व्यासांएवढं ठेवा. सळई आडव्या दिशेने काँक्रीटच्या दुपटीने फुगते, आणि बडोद्यात मे महिन्यातल्या उघड्या गच्चीवर कव्हर पातळ असेल तर सळईच्या रेषेत चीर पडू शकते.

प्रमाणपत्र मागताना ‘ताकद किती’ एवढंच विचारू नका. बीआयएसचं आयएस १८२५६ : २०२३ हे या सळयांचं मानक आहे, त्याचा उल्लेख हवा. कागदावर मॉड्युलस हवा, रेझिन व्हिनिल एस्टर किंवा इपॉक्सी असल्याचं लिहिलेलं हवं (साधं पॉलिएस्टर काँक्रीटच्या अल्कलीत टिकत नाही), आणि काचेचा प्रकार हवा. रंगाला काही अर्थ नाही, तो नुसता रंग असतो. व्यास मोजताना कॅलिपर बरगड्यांवर लावला तर १२ भरतो आणि आतला गाभा १०.५ चा निघतो. म्हणजे क्षेत्रफळ ११३ चं ८७, जवळजवळ चौथाई गायब. मोजायचं तर ठरावीक लांबीचा तुकडा पाण्यात बुडवून त्याचं आकारमान काढा आणि लांबीने भागा. ओढून तोडण्याच्या चाचणीत सळई थेट जबड्यात धरली तर तिथेच चुरडते आणि खोटा कमी आकडा येतो. टोकांना लोखंडी नळी बसवून त्यात फुगणारं ग्राउट भरावं लागतं. ज्या प्रयोगशाळेला ही तयारी माहीत नाही, तिचा आकडा कुठल्याच बाजूने धरू नका.

या सळईला आम्ही स्पष्ट नाही म्हणतो अशा दोन जागा आहेत. पहिली, भूकंपाचा जोर घेणारी आरसीसी फ्रेम. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या नकाशात बडोदा झोन ३ मध्ये आहे, आणि आयएस १३९२० चं सगळं डक्टाइल डिटेलिंग (फ्रेम अचानक न मोडता लवावी म्हणून केलेली सळयांची मांडणी) सळई यील्ड होईल या गृहीतावर उभं आहे. न यील्ड होणारी सळई त्यात बसत नाही. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादच्या इमारतींचं काय झालं, ते इथे कुणाला सांगायची गरज नाही. फायबर टाकलं म्हणून डक्टाइल फ्रेम झाली, असं कोणी ड्रॉइंगवर लिहिलं असेल तर ते ड्रॉइंग परत पाठवा. दुसरी जागा, जिथे आगीपासून ठरावीक तासांचं संरक्षण लागतं असे मजले. रेझिन साधारण १०० ते १२० अंशांना मऊ पडू लागतं आणि काँक्रीटशी असलेली पकड सुटते. लोखंड पुष्कळ पुढेपर्यंत टिकतं.

ग्राउंड बीम, जमिनीवरचे स्लॅब, गटारांच्या भिंती आणि झाकणं, प्लांटमधले ओटे, कंपाउंड वॉलचे पाये, इथे खुशाल वापरा, वर सांगितलेल्या हिशेबासकट. बीममध्ये वापरायचीच असेल तर सल्लागाराकडून चार आकडे लेखी घ्या: तडकलेल्या छेदाचा झोळ क्रीपसकट, रोजच्या भाराखाली तड्याची रुंदी, कायमच्या भाराखाली सळईतला ताण, आणि आधी काय मोडणार. ‘ताकद पुरेशी आहे’ एवढ्या ओळीवर सही घेऊ नका. शटरिंगला आधीच मध्यावर ८ ते १० मिमीचा उलटा फुगवटा देणं स्वस्तातलं औषध आहे. तड्यांवर त्याचा उपयोग नाही, पण छत सरळ दिसतं.

आणि एक काम काँक्रीट ओतायच्या आधी करून ठेवा, कारण नंतर ते करता येत नाही. प्लंबर किंवा एसीवाला भोक पाडण्याआधी जे सळई शोधणारं यंत्र लावतो, ते लोखंड शोधतं; काचेची सळई त्याला दिसत नाही. वर साध्या ड्रिलच्या बिटाने ती लोण्यासारखी कापली जाते, लोखंड लागल्याचा जो झटका हाताला कळतो तो इथे कळत नाही. म्हणून प्रत्येक बीमचे टेप लावलेले फोटो, सळयांची संख्या, व्यास, कव्हर आणि कंपनीचा बॅच नंबर सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा, आणि बीमच्या तळाला रंगाने ‘जीएफआरपी, भोक पाडू नये’ असं लिहून घ्या.

आपले,
बडोद्यातले काही स्थापत्य अभियंते आणि साइट सुपरवायझर